म्हापशातला शेपटीचा सी: संगणकात कसा लिहावा, कसा टिकवावा

पोर्तुगीज काळातला जन्मदाखला किंवा कोमुनिदादीचा (गावच्या सामाईक जमिनीच्या संस्थेचा) जुना कागद संगणकावर उतरवायला घेतला, की गोव्यात एका अक्षराशी गाठ पडतेच. रोमन सी, पण खाली छोटी शेपटी. उच्चार 'स'. म्हापशाचं पोर्तुगीज स्पेलिंग याच सीने लिहितात आणि शेवटच्या एवर तिरकी रेघ देतात. गोन्साल्विस या आडनावाच्या मूळ स्पेलिंगमध्येही तो आहे.

संगणक अक्षराच्या जागी आकडा साठवतो. आस्की या जुन्या तक्त्यात ० ते १२७ एवढेच आकडे होते आणि ते इंग्रजीपुरते. पुढे २५६ जागांचा लॅटिन-१ तक्ता आला. त्यात लहान शेपटीच्या सीला २३१ आणि मोठ्याला १९९ हे आकडे मिळाले. जगभरच्या लिप्यांसाठीच्या युनिकोड तक्त्याने तेच कायम ठेवले. मग घोळ कुठे होतो? साठवणीत. लॅटिन-१ मध्ये २३१ हा एकच बाइट (साठवणीचा एक घर) असतो. यूटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत त्याच अक्षराचे दोन बाइट होतात, १९५ आणि १६७.

आधी टायपिंग. विंडोजवर ऑल्ट दाबून धरा आणि उजवीकडच्या आकड्यांच्या पॅडवर ०२३१ टाइप करा. बऱ्याच लॅपटॉपना ते पॅड नसतं. तिथे 'यूएस इंटरनॅशनल' कीबोर्ड निवडून एकेरी अवतरणचिन्ह आणि मग सी दाबा. मॅकवर ऑप्शन आणि सी. मोबाइलवर सी दाबून धरलं की पर्याय वर येतात.

फाइल साठवताना एन्कोडिंगमध्ये (साठवणीच्या पद्धतीत) यूटीएफ-८ निवडा. एक्सेलमधून सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल) काढायची असेल तर यादीतला 'सीएसव्ही यूटीएफ-८' हाच प्रकार घ्या, नुसता सीएसव्ही नको.

आता खरी डोकेदुखी. दुसऱ्या कोणाची फाइल उघडली आणि म्हापशाच्या नावात नागमोडी रेघेचा मोठा ए, त्यापुढे कायद्याच्या पुस्तकातलं कलमाचं चिन्ह, परत तोच ए आणि उलटं उद्गारचिन्ह दिसलं, तर घाबरू नका आणि मुख्य म्हणजे हाताने दुरुस्त करत बसू नका. लॅटिन-१ मध्ये १९५ म्हणजे तो नागमोडी ए आणि १६७ म्हणजे कलमचिन्ह. म्हणजे फाइल शाबूत आहे, वाचणाऱ्याने चुकीचा तक्ता धरलाय. एक्सेलमध्ये फाइलवर डबल-क्लिक न करता 'डेटा' मेनूतून 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' घ्या आणि 'फाइल ओरिजिन'मध्ये ६५००१, म्हणजे यूटीएफ-८, निवडा. नावं जागेवर येतात.

कोणी ती बिघडलेली अक्षरंच परत सेव्ह केली असतील तर आधी प्रत काढा. मग नोटपॅडमध्ये ती 'आन्सी' (विंडोजचा जुना तक्ता) म्हणून सेव्ह करा आणि यूटीएफ-८ म्हणून उघडा. बहुतेक वेळा जमतं. चौकटीतलं प्रश्नचिन्ह दिसत असेल तर उलटा प्रकार: फाइल जुन्या तक्त्यातली, वाचली यूटीएफ-८ म्हणून. साधं प्रश्नचिन्ह मात्र वाईट. तिथे अक्षर बहुधा कायमचं गेलेलं असतं, मूळ कागद काढावा लागतो.

एक छुपी अडचण राहते. नाव डोळ्यांना दिसतं, पण शोधलं की सापडत नाही. हे अक्षर दोन प्रकारे लिहिता येतं: एकसंध २३१, किंवा साधा सी आणि त्यामागून वेगळी शेपटी, आकडा ८०७. आपल्या 'कि'मध्ये क आणि वेलांटी वेगवेगळे साठवले जातात, तसंच. वर्डमध्ये अक्षराच्या लगेच पुढे कर्सर ठेवून ऑल्ट आणि एक्स दाबा. वर्ड आकडा सोळाच्या मोजणीत दाखवतं: ००ई७ (म्हणजे २३१) आलं तर एकसंध, ०३२७ (म्हणजे ८०७) आलं तर जोडलेलं. कंट्रोल आणि झेड दाबलं की अक्षर पूर्ववत होतं. मग 'रिप्लेस' वापरून सगळीकडे एकसंध रूप करून टाका.

पासपोर्टच्या पानावर तळाच्या दोन ओळींत फक्त साधी मोठी रोमन अक्षरं, आकडे आणि कोनचिन्हंच चालतात. काही ऑनलाइन फॉर्मही शेपटी स्वीकारत नाहीत. म्हणून तुमच्या यादीत दोन रकाने ठेवा, एक कागदावर आहे तसं आणि दुसरा साध्या सीचा. फॉर्मसाठी दुसरा वापरा. पहिल्याला हात लावू नका.