तुळयांचं जुनं घर सजवताय? या चुका टाळा

नागपूरच्या धंतोली, रामदासपेठ, धरमपेठ भागात १९५०-६० च्या सुमाराची काही घरं अजून तग धरून आहेत. विटांच्या जाड भिंती, उंच छत आणि छताखाली उघड्या सागवानी तुळया. अशा घरात राहायला जाणारे बहुतेक जण आधी सोफा बघायला निघतात. कळकळीने सांगतो, आधी शिडी लावा आणि तुळयांची टोकं बघा.

तुळई बहुतेक वेळा सडते ती मधे नाही, भिंतीत शिरते तिथे. गच्चीवरच्या डक्ट कूलरचं गळतं पाणी, तुंबलेली पन्हाळ, टाकीचा ओव्हरफ्लो, सगळं भिंतीत मुरतं आणि तिथेच साचून राहतं. बाहेरून रंग छान दिसतो. टोकाशी पेचकस टोचून पाहा. चांगलं सागवान दाद देत नाही; पेचकस सहज आत गेला तर लाकूड गेलेलं आहे. हातोडीच्या दांड्याने ठोकत पुढे सरका, आवाज पोकळ येईल तिथे खूण करा. भिंतीवरून चढणाऱ्या मातीच्या नळ्या दिसल्या तर वाळवी आहे. मग पेस्ट कंट्रोलवाला आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर आधी, सुतार नंतर.

चिरा दिसल्या की लोक घाबरून पुट्टी भरतात. लांबीच्या दिशेने गेलेल्या चिरा लाकूड वाळताना पडतात, त्या सहसा धोक्याच्या नसतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा लाकूड आकसतं, पावसाळ्यात फुगतं. पुट्टी निघून खाली पडते. घाबरायचं ते आडव्या चिरेला आणि मधे आलेल्या झोळाला.

वायरिंगवाल्याला मोकळं सोडू नका. पाइप लपवायला तो तुळईच्या खालच्या अंगाला खाच पाडतो, आणि वजनाने पडणारा ताण नेमका तिथेच सर्वात जास्त असतो. वायर तुळईच्या बाजूने केसिंग-कॅपिंगमधून, म्हणजे झाकणाच्या पट्टीतून, न्या. दिसली तर दिसू द्या. बंगई, म्हणजे झोपाळा, टांगायची हौस असेल तर हाच मुद्दा दुपटीने लागू. बसलेल्या माणसांच्या वजनात झोक्याचे हिसके मिळतात, म्हणून मधोमध भोक पाडून हूक बसवणं नकोच. तुळईला वेढणारी लोखंडी पट्टी भिंतीच्या जवळ बसवा, तीही इंजिनिअरने तुळई पाहिल्यावर.

पीओपीचं फॉल्स सीलिंग माझ्या मते या घरांवरचा सर्वात मोठा अन्याय. गळती झाकली जाते, वाळवीला आडोसा मिळतो, आणि ज्यासाठी घर घेतलं तेच नाहीसं होतं. ऊन अडवायचं तर गच्चीला पांढरा परावर्तक रंग द्या.

तुळयांवर जुन्या ऑइल पेंटचे थर असतील तर कोरडे घासू नका. त्या काळच्या रंगांत शिसं असू शकतं. ओलं करून, मास्क लावून काढा, मुलांना तेवढे दिवस दुसरीकडे ठेवा. नंतर जवसाच्या तेलाचा पातळ हात पुरतो. एक गोष्ट मात्र विसरू नका: तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता सोडतं आणि चिंध्या आपोआप पेटू शकतात. त्या पाण्यात भिजवा किंवा उघड्यावर पसरून वाळवा.

पंख्याची पाती तुळयांच्या खाली येतील एवढा दांडा घ्या. दोन तुळयांच्या मधे अडकलेला पंखा नुसता घरघरतो, खाली वारा येत नाही. पाती जमिनीपासून किमान आठ फुटांवर राहू द्या. दिवे तुळईच्या वरच्या बाजूला ठेवून प्रकाश छताकडे वळवा, पिवळसर, ३००० केल्विनच्या आसपास. तुळयांमधल्या पट्ट्या पांढऱ्या ठेवा, नाहीतर खोली काळवंडते.

फर्निचर बुटकं शोभतं. कपाटं मात्र भिंतीला चिकटवू नका, तीन-चार इंच जागा सोडा. ओल आणि वाळवी दोन्ही वेळेत दिसतात.