जुनी गाडी सारखी गरम होतेय? पार्ट बदलायच्या आधी हे बघा

सेकंडहँड गाडी घेतली आणि दर दोन महिन्यांनी गॅरेज, असं ज्यांचं चाललंय त्यांच्यासाठी लिहितोय. माझी डिझेल हॅचबॅक, घेतली तेव्हा नव्वद हजार किलोमीटर झालेली. पुण्याहून साताऱ्याला निघालं की खंबाटकी चढताना टेंपरेचरचा काटा वर जायचाच. आधी थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की गार करणाऱ्या पाण्याला वाट देणारा व्हॉल्व्ह) बदलला 1,800, मग वॉटर पंप लेबरसकट 4,200, मग फॅनची मोटर 3,500, असे साडेनऊ हजार गेले आणि घाटात गाडी तशीच. फसवलं कुणी नाही, पण नीट तपासलंही कुणी नाही, प्रत्येकाने आपापल्या अंदाजाने एकेक पार्ट काढला.

तर पहिलं काम, गाडी कधी गरम होते ते लिहून ठेवा. सिग्नलला उभं राहिल्यावर काटा चढतो आणि पळायला लागली की उतरतो, तर बहुतेक फॅन, त्याचा रिले (फॅनला करंट देणारा स्विच) किंवा सेन्सर. इंजिन चालू ठेवून एसी लावा, बहुतेक गाड्यांत रेडिएटरचा (इंजिनचं पाणी गार करणाऱ्या जाळीचा) फॅन लगेच फिरायला लागतो, नाही फिरला तर तिथूनच सुरुवात करा. उलट घाटात नाहीतर हायवेला चढत असेल तर कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) कमी, रेडिएटर आतून चोक, थर्मोस्टॅट पूर्ण उघडत नाही किंवा पंप पाणी नीट फिरवत नाही, यातलं काहीतरी.

दुसरं, सकाळी गार इंजिनवर कूलंटच्या डब्यावर लेव्हलला मार्करने खूण करा आणि आठवडाभर रोज बघा. गरम असताना झाकण अजिबात उघडू नका, आत प्रेशर असतं, उकळतं पाणी तोंडावर येतं. लेव्हल उतरतेय पण खाली थेंब दिसत नाही, तर गॅरेजमध्ये प्रेशर टेस्ट करायला सांगा. रेडिएटरच्या किंवा डब्याच्या तोंडावर हातपंप लावतात आणि साधारण एक बारपर्यंत हवा भरतात. माझ्या गाडीला लावला तेव्हा पंपावरचा प्रेशरचा काटा हळूहळू उतरायला लागला, मग टॉर्च मारून बघितलं तर रेडिएटरची प्लॅस्टिकची टाकी जिथे जाळीला जोडलेली असते तिथे बोटभर हिरवट पांढरा डाग, आणि प्रेशर आल्यावर त्यातून बारीक पाझर. गार असताना ती जागा कोरडी ठणठणीत असायची म्हणून कुणाला दिसलंच नाही. रेडिएटर लेबरसकट 5,200. म्हणजे ही टेस्ट आधी झाली असती तर ते साडेनऊ हजार वाचले असते, याचं मला अजून वाईट वाटतं.

बाहेर कुठेच लीक नाही तरी कूलंट जातंय, इंजिन चालू असताना डब्यात सतत बुडबुडे येतायत, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर किंवा ऑइलच्या झाकणाखाली दुधी चिकटा, तर हेड गॅस्केटची (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधल्या सीलची) शंका धरा. अशी गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, टो करा, कारण हेड वाकलं की मशीनवर घासून सपाट (फेसिंग) करावं लागतं आणि खर्च एकदम वेगळ्या पातळीवर जातो.

रस्त्यात काटा चढलाच तर एसी बंद, हीटर फुल गरमवर, काचा खाली आणि सुरक्षित जागा बघून बाजूला घ्या. हीटरमुळे इंजिनची थोडी उष्णता आत खेचली जाते, त्रास होतो पण तेवढ्याने वेळ मिळतो. आणि दरवेळी नळाचं पाणी टाकत राहू नका, आत क्षार आणि गंज धरतो, कंपनीने सांगितलेलं कूलंटच वापरा.

गॅरेजला टाकताना "गरम होतेय, बघा" एवढंच सांगू नका, लिहिलेलं सगळं दाखवा आणि कशावरून हा पार्ट गेलाय ते विचारा. काढलेला जुना पार्ट मागून घ्या, बिलावर पार्टचं नाव आणि लेबर वेगळं लिहून घ्या. मी मोबाईलमध्ये तारीख, किलोमीटर, काम, रुपये एवढंच टाकतो. तीच तक्रार तिसऱ्यांदा आली की गॅरेज बदला, पार्ट नाही.

आणि कुठे थांबायचं ते आधीच ठरवा. माझा हिशोब असा की वर्षभरातला दुरुस्तीचा खर्च, सर्व्हिस, टायर सोडून, गाडीच्या आजच्या किमतीच्या एक तृतीयांशवर गेला की ती विकायची. विकताना घेणाऱ्याला ही नोंद दाखवा, दोष लपवू नका, किंमत थोडी कमी आली तरी चालेल, आणि मालकी बदलायचे फॉर्म 29 व 30 भरून आरसी त्याच्या नावावर झाल्याची खात्री करून घ्या.