एका ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीन आणि डिशवॉशर: सांडपाण्याचा पाइप असा जोडा

नाशिकच्या बहुतेक फ्लॅटमध्ये ड्राय बाल्कनीत एक नळ, एक प्लग आणि एक नहाणी ट्रॅप (सांडपाणी जायचं जमिनीतलं जाळीचं तोंड) मिळतो. त्याच जागेत डिशवॉशर बसवायचं म्हटलं की हमखास ऐकू येतं, "एक वाय-जॉइंट (दोन पाइप एकात जोडणारा तुकडा) टाकला की झालं!" हे ऐकू नका. आमच्या घरी आणि नात्यातल्या पाच-सहा घरांत मी ही जोडी बसवली आहे. बिघडतं ते नेहमी सांडपाण्याकडेच.

जागा: दोन्ही साधारण 60 सेंटिमीटर रुंद असतात, मध्ये दोन बोटं फट ठेवा. मशीनच्या डोक्यावर छोटं डिशवॉशर ठेवू नका, स्पिनचे हादरे त्याला सोसत नाहीत.

वीज: पाणी तापवताना प्रत्येकी 2000 वॉटच्या आसपास ओढतात. दोन्ही एकदम चालली तर 17 अँपिअरच्या पुढे जातं आणि आपलं सॉकेट असतं 16 चं. मल्टिप्लग अजिबात नको. डीबीपासून (घरातल्या मुख्य वीजपेटीपासून) वेगळी वायर आणि वेगळा एमसीबी (जादा भार आला की आपोआप पडणारा स्विच) घ्या.

नळ: टू-वे अँगल कॉक (एका जोडणीतून दोन फाटे देणारा नळ), दोन्ही बाजूंना स्वतंत्र चावी असलेला. तुम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर असाल तर आधी दाब बघा. दहा मीटर उंचीवरच्या टाकीने साधारण एक बार दाब मिळतो. टाकी नळापासून तीनच मीटर वर असेल तर जेमतेम 0.3 बार. माहितीपुस्तिकेत किमान दाब दिलेला असतो, तो त्याच्याशी ताडून पाहा.

आता सांडपाणी. आमच्याकडे पहिल्यांदा प्लंबरने दोन्ही पाइप जमिनीलगत वाय-जॉइंटमध्ये घुसवले, वरून टेप गुंडाळली आणि एकच पाइप जाळीत सोडला. आठवडाभर छान चाललं. मग एका रात्री डिशवॉशर लावून झोपलो. मशीनमध्ये वडिलांचे धुतलेले पांढरे लेंगे-सदरे तसेच राहिले होते. सकाळी दार उघडलं तर ड्रमच्या तळाशी पिवळं पाणी, वर तेलाचा तवंग, आणि सदऱ्याच्या कॉलरला मिसळीच्या तर्रीचा वास. जाळी थोडी तुंबली होती. डिशवॉशरच्या पंपाने ढकललेल्या पाण्याला पुढे वाट मिळेना, म्हणून ते दुसऱ्या फाट्यातून मशीनमध्ये शिरलं. ते सदरे पुन्हा पांढरे झाले नाहीत.

म्हणून दोन्ही पाइप शेवटपर्यंत वेगळे ठेवा. प्रत्येकासाठी भिंतीला 50 मिलिमीटरचा उभा पाइप लावा, तोंड जमिनीपासून 60 ते 90 सेंटिमीटरवर. प्रत्येक यंत्राचा पाइप वर नेऊन आपापल्या तोंडात दहा-पंधरा सेंटिमीटरच आत सोडा आणि क्लिपने बांधा. हे दोन उभे पाइप खाली ट्रॅपजवळ एकत्र आले तरी चालतात.

तोंड एम-सीलने किंवा टेपने बंद करू नका. प्लंबर 'वास येईल' म्हणून हट्ट धरतात, पण वास अडवायचं काम खालच्या ट्रॅपमधल्या पाण्याचं आहे. वरून हवा शिरलीच पाहिजे. पाइपाचं टोक खाली लोळत असेल किंवा घट्ट बंद असेल तर मशीन भरता भरताच पाणी आपोआप ओढलं जातं. मशीन भरतच राहतं आणि पाण्याची टाकी रिकामी होते. पाणी भरत असताना पाइपाच्या तोंडाशी हात धरा, एक थेंबही यायला नको.

आणखी एक गोष्ट प्लंबर बघत नाहीत. जुन्या इमारतींत ड्राय बाल्कनीची जाळी कधी कधी पावसाच्या पाण्याच्या लाइनला जोडलेली असते. खरकटं आणि साबण त्यातून सरळ नाल्यात जातो, आणि आपले नाले शेवटी गोदावरीलाच मिळतात. हळद कालवलेली बादली जाळीत ओता आणि खाली उभ्या माणसाला पिवळं पाणी कुठल्या चेंबरमध्ये येतं ते बघायला सांगा. पावसाच्या लाइनमध्ये दिसलं तर डिशवॉशरचा पाइप किचन सिंकच्या सांडपाण्याला न्या, दोन मीटर लांब पडला तरी.

मीठ: क्षारयुक्त पाणी मऊ करायला डिशवॉशरमध्ये मीठ घालावं लागतं. ते डिशवॉशरचंच घ्या, स्वयंपाकाचं नको. गंगापूर धरणाचं नळाचं पाणी वेगळं आणि सोसायटीच्या बोअरचं वेगळं. पाणी तपासायच्या पट्टीने क्षार मोजून डिशवॉशरचं सेटिंग करा, आणि उन्हाळ्यात टँकर सुरू झाले की पुन्हा मोजा.

शेवटी दोन्ही यंत्रांचं पाणी एकाच वेळी सोडून ट्रॅपजवळ पाच मिनिटं बसा. पाणी चढलं तर उतार कमी आहे, प्लंबरला जाऊ देऊ नका. पुढे दर पंधरा दिवसांनी जाळी उचला. कपड्यांचे तंतू आणि भांड्यांचं तेल मिळून नमद्यासारखा राखाडी थर बसतो. तो हाताने काढावा लागतो, ॲसिडने निघत नाही.