रीडिंगखाली लोड लिहा : सांगलीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये कंपने मोजताना

तासगाव, मिरज आणि कुपवाड या पट्ट्यात बेदाण्याची जी कोल्ड स्टोरेज उभी आहेत, त्यांतल्या बहुतेक मोठ्या ठिकाणी अमोनियावर चालणारे स्क्रू कॉम्प्रेसर (पेचदार रोटर फिरवून वायू आवळणारी यंत्रे) असतात. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून मी या कामात आलो तेव्हा पंप, पंखे आणि मोटर यांची कंपने मोजून बिघाड ओळखण्याचा थोडा सराव होता आणि तेवढ्या भांडवलावर स्क्रू कॉम्प्रेसरही समजेल, असा माझा समज होता. तो समज एका डिसेंबरमध्ये उतरला. या कामात नव्याने येणाऱ्या मुलामुलींनी तीच चूक पुन्हा करू नये, यासाठी हे सविस्तर लिहीत आहे.

आधी यंत्राविषयी थोडेसे. केसिंगमध्ये दोन रोटर एकमेकांत गुंतून फिरतात. जुन्या आणि आजही सर्रास दिसणाऱ्या रचनेत मेल रोटरला ४ लोब (फुगीर पेचदार कडा) आणि फीमेल रोटरला ६ खाचा असतात. रोटरचे वजन आणि वायूच्या दाबाने येणारा आडवा भार रोलर बेअरिंगवर पडतो, तर डिस्चार्जकडून (वायू बाहेर पडतो त्या बाजूने) सक्शनकडे (वायू आत येतो त्या बाजूला) ढकलणारा अक्षीय भार अँग्युलर कॉन्टॅक्ट बॉल बेअरिंग, म्हणजे इथली थ्रस्ट बेअरिंग, घेतात; काही मोठ्या यंत्रांत रोलरच्या जागी बुश बेअरिंग असतात. डिस्चार्जच्या टोकाला रोटर आणि केसिंग यांच्यात मिलिमीटरच्या काही शतांशांइतकीच फट असते. त्यामुळे थ्रस्ट बेअरिंग झिजले की प्रश्न केवळ बेअरिंग बदलण्यापुरता राहत नाही. रोटर केसिंगला घासला, तर दुरुस्तीचा खर्च पाहून मालक नवीन यंत्राची चौकशी करू लागतो.

आता तो डिसेंबर. तासगाव रस्त्यावरच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये मे महिन्यात, खोल्या भरण्याचे काम जोरात असताना, मी पहिले रीडिंग घेतले होते. तेव्हा कॉम्प्रेसर पूर्ण लोडवर, म्हणजे पूर्ण क्षमतेने चालू होता आणि डिस्चार्जचा दाब १३ ते १४ बारच्या दरम्यान होता. दुसरे रीडिंग डिसेंबरच्या एका थंड पहाटे घेतले. मेल रोटरच्या डिस्चार्जकडील बेअरिंगवर कंपनांचा वेग जवळजवळ दुप्पट दिसला आणि स्पेक्ट्रममध्ये (कोणत्या वारंवारतेला किती कंपन आहे, हे दाखवणाऱ्या आलेखात) उंच शिखरांची रांगच उभी राहिली. मी आत्मविश्वासाने अहवाल लिहिला की बेअरिंग खराब झाले आहे आणि यंत्र उघडावे. अमोनिया काढला, क्रेन आणली, गॅस्केट आणि तेल नव्याने घेतले. उघडून पाहिले, तर बेअरिंग आरशासारखे स्वच्छ होते. मालक फार काही बोलले नाहीत. मात्र शेजारी उभा असलेला ऑपरेटर म्हणाला, "साहेब, मशीन त्या दिवशी चाळीस टक्क्यांवर होतं. थंडीत असंच गुरगुरतंय ते दरवर्षी."

त्याच्या लॉगबुकमध्ये हे सगळे लिहिलेले होते आणि मी ते उघडून पाहिले नव्हते. थंडीत कंडेन्सरचा दाब उतरून १० बारच्या आसपास आला होता आणि स्लाइड व्हॉल्व्ह (कॉम्प्रेसरचा लोड कमी-जास्त करणारा सरकता भाग) अर्ध्याहून खाली होता. अशा वेळी कॉम्प्रेसरच्या आत वायू ज्या दाबापर्यंत आवळला जातो त्याचा आणि डिस्चार्ज लाइनमधल्या दाबाचा मेळ बसत नाही. डिस्चार्जचे पोर्ट (वायू बाहेर पडण्याचे तोंड) उघडताच प्रत्येक लोबमागे वायूचा एक धक्का बसतो. ते धक्के केसिंगवर मोजले जातात. ती शिखरे बेअरिंगची नव्हतीच, वायूची होती.

तेव्हापासून माझ्या वहीत कोणत्याही रीडिंगच्या खाली चार गोष्टी असल्याशिवाय मी ते रीडिंग मानत नाही: स्लाइड व्हॉल्व्हची स्थिती, सक्शन व डिस्चार्जचा दाब, तेलाचे तापमान आणि मोटरचे अँपिअर. शक्य असेल तेव्हा ऑपरेटरला विनंती करून यंत्र पंधरा-वीस मिनिटे पूर्ण लोडवर स्थिर ठेवायला सांगतो आणि मगच मोजतो. शक्य नसेल, तर मागच्या अशाच लोडवरच्या रीडिंगशी तुलना करतो. पूर्ण लोडच्या आकड्याची अर्ध्या लोडच्या आकड्याशी तुलना करणे म्हणजे उन्हाळ्यातले वीजबिल थंडीतल्या बिलाशी ताडून मीटर बिघडला असे म्हणण्यासारखे आहे. नवी मुले बहुधा एक तक्ता पाठ करून येतात, ज्यात ४.५ किंवा ७.१ मि.मी. प्रति सेकंद अशा मर्यादा दिलेल्या असतात. तो तक्ता सर्वसाधारण औद्योगिक यंत्रांसाठी आहे. स्क्रू कॉम्प्रेसरमध्ये वायूचे स्पंदन मुळातच जास्त असल्याने तो इथे जसाच्या तसा लावता येत नाही. यंत्राच्या उत्पादकाने दिलेली मर्यादा आणि त्याच यंत्राचा जुना इतिहास हेच इथले प्रमाण.

स्पेक्ट्रम वाचताना आधी यंत्राची स्वतःची गाणी ओळखावी लागतात. दोन पोलची मोटर ५० हर्ट्झवर साधारण २,९६० आरपीएमने फिरते, म्हणजे सेकंदाला ४९.३ फेरे. मेल रोटर थेट जोडलेला असेल, तर त्याचे चार लोब १९७ हर्ट्झचे शिखर देतात. फीमेल रोटर त्याच्या दोन-तृतीयांश वेगाने, म्हणजे सुमारे १,९७३ आरपीएमने फिरतो आणि सहा खाचांमुळे तोही नेमके १९७ हर्ट्झच देतो. हे शिखर आणि त्याच्या पटीतली ३९५, ५९२ ही शिखरे निरोगी यंत्रातही असतात. बेअरिंगचे दोष मात्र फेऱ्यांच्या पूर्ण पटीत सहसा येत नाहीत. ढोबळ हिशोब असा की गोळ्यांची संख्या गुणिले ०.४ केले की बाहेरच्या रेसच्या (गोळ्या जिच्यावर धावतात त्या कड्याच्या) दोषाची पट मिळते आणि गुणिले ०.६ केले की आतल्या रेसची. १२ गोळ्यांच्या थ्रस्ट बेअरिंगला त्यामुळे ४.८ पट, म्हणजे सुमारे २३७ हर्ट्झ येतात.

इथे एक फसवी जागा आहे. फीमेल रोटरवर १५ रोलरचे बेअरिंग असेल, तर ढोबळ हिशोबाने बाहेरच्या रेसचा दोष बरोबर ६ पटीवर, म्हणजे लोबच्याच १९७ हर्ट्झवर येतो. प्रत्यक्षात रोलरच्या मापांनुसार तो ६.२ पटीच्या आसपास, म्हणजे २०४ हर्ट्झच्या जवळपास असू शकतो. मी सुरुवातीला ५,००० हर्ट्झपर्यंत ४०० रेषांचा, म्हणजे ४०० भागांत वाटलेला स्पेक्ट्रम घेत असे. त्यात एकेक रेष १२.५ हर्ट्झची, म्हणून ही दोन्ही शिखरे एकाच ढिगाऱ्यात गाडली जात. १,००० हर्ट्झपर्यंत १,६०० रेषा घेतल्या, की एक रेष ०.६२५ हर्ट्झची होते, वेळ फक्त १.६ सेकंद लागतो आणि दोघे वेगळे दिसतात. त्यामुळे बेअरिंगचा नंबर मिळवून अचूक पट काढणे टाळू नये. नंबर यंत्रावर लिहिलेला नसतो. मागच्या ओव्हरहॉलच्या बिलावर मात्र तो बहुतेक वेळा सापडतो.

सेन्सर कुठे आणि कसा बसवायचा हेही पुस्तकात थोडक्यात उरकलेले असते. सक्शनच्या बाजूला केसिंगवर हिम धरते आणि सेन्सरचा चुंबक हिमावर पकड घेत नाही. तो किंचित हलला तरी वरच्या वारंवारतेची रीडिंग निरर्थक होतात. मी त्या जागा आधीच ठरवून रंग खरवडून घेतो, सपाट करतो आणि खुणेचा ठिपका लावतो. शक्य तिथे सेन्सर आट्यांवर घट्ट बसवण्यासाठी स्टड बसवून घ्यावा. हाताने टेकवायच्या सळईवर बेअरिंगचा निर्णय कधीही देऊ नये. जुने मिस्त्री स्क्रूड्रायव्हर कानाला लावून ऐकतात. त्याला हसू नका. फक्त कपलिंगच्या गार्डपासून दूर राहून ऐका आणि अमोनियाचा मास्क दारात कुठे टांगला आहे, हे आत शिरण्यापूर्वी पाहून ठेवा.

स्टँडबाय यंत्राचा धोका मला बराच उशिरा कळला. शेजारचे यंत्र महिनोन्महिने चालू आणि हे बंद, अशा स्थितीत फरशीतून येणारी बारीक कंपने थांबलेल्या रोलरखाली रेसवर खुणा पाडतात. त्या खुणा रोलरच्या अंतराइतक्याच अंतरावर ओळीने दिसतात. यंत्र चालू केले, की पहिल्या दिवसापासून आवाज येतो आणि दोष मात्र बसवणाऱ्याच्या माथी मारला जातो. उपाय साधा आहे: यंत्रे आलटून पालटून चालवावीत आणि तसे जमत नसेल, तर वीज तोडून, कुलूप लावून शाफ्ट आठवड्याला हाताने थोडा फिरवावा.

तेल हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे, म्हणून दोनच गोष्टी सांगतो. तेलाचा फिल्टर बदलताना जुना फिल्टर फेकण्याआधी कापून उजेडात पाहावा आणि द्रव अमोनिया सक्शनमधून परत आल्याची नोंद लॉगबुकात असेल, तर पुढच्या महिन्यात त्या यंत्राचे रीडिंग दोनदा घ्यावे. बेअरिंग मागवताना केज (गोळ्या किंवा रोलर जागेवर धरणारा सांगाडा) पितळेचे नाही ना, हे विचारावे. अमोनियात पितळेला तडे जातात.

परीक्षांविषयी मुले वारंवार विचारतात. आयएसओ १८४३६-२ या मानकानुसार कंपन-विश्लेषकाच्या चार श्रेणी आहेत. पहिलीसाठी ३० तासांचे प्रशिक्षण आणि ६ महिन्यांचा अनुभव, दुसरीसाठी ३८ तास आणि १८ महिने लागतात. पहिली श्रेणी वर्षभरात करून टाकावी. दुसरीची घाई करू नये. एखादे यंत्र उघडताना स्वतः हजर राहिल्याशिवाय त्या अभ्यासक्रमातला निम्मा भाग डोक्यावरून जातो.

त्याच तासगाव रस्त्यावरच्या मालकांनी दोन वर्षांनी मला पुन्हा बोलावले. या वेळी पूर्ण लोडवरचा वेग तिन्ही रीडिंगमध्ये २.१ मि.मी. प्रति सेकंदाच्या आसपास स्थिर होता, परंतु वरच्या वारंवारतेच्या एन्व्हलप रीडिंगमध्ये (जे बेअरिंगचे बारीक ठोके वेगळे काढून दाखवते) थ्रस्ट बेअरिंगच्या बाहेरच्या रेसचे शिखर दर महिन्याला वाढत होते आणि त्याच्या पटीही दिसू लागल्या होत्या. या खेपेला मी आधी ऑपरेटरकडे गेलो. त्याने लॉगबुक उघडून दाखवले. सहा आठवड्यांपूर्वी लेव्हल फ्लोट (द्रवाची पातळी राखणारा तरंगक) अडकून द्रव अमोनिया परत आल्याची ओळ त्यात होती. यंत्र उघडले. रेसवर मोहरीच्या दाण्याएवढा एक खड्डा होता, केज शाबूत होते आणि रोटरला ओरखडाही नव्हता. ते बेअरिंग आता माझ्या टेबलावर असते. कामाला नवीन आलेल्या मुलाला मी आधी डोळे मिटून त्यावर नख फिरवायला सांगतो, आणि नख कुठे अडते ते विचारतो.