सोयाबीन वगळलं आणि अंडी आटली? परसातल्या कोंबड्यांच्या खाद्यात या चुका टाळा

कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरी बाजारातनं मका, ज्वारी, गहू आणायचा आणि सकाळ-संध्याकाळ मुठीनं फेकायचा, झालं सोयाबीन नसलेलं खाद्य! पहिलं वर्ष मीही असंच काढलं. आठ कोंबड्यांची रोजची सहा अंडी दोनवर आली, तरी मी संशय घेत होतो मुंगसावर.

मक्यात प्रथिनं 9 टक्क्यांच्या आसपास, ज्वारीत 10, गव्हात 12. अंड्यावरच्या कोंबडीला लागतात 16 ते 17. सोयाबीन काढलं की ती जागा दुसऱ्या प्रथिनानं भरावी लागते, जादा मक्यानं नव्हे. माझं सध्याचं 10 किलोचं माप असं: मका साडेचार, ज्वारी दीड, गहू दीड, शेंगदाण्याची पेंड दोन आणि सुकट अर्धा किलो. वर पोल्ट्रीचं मिनरल मिक्श्चर, पाकिटावर लिहिलंय तेवढंच. एका कोंबडीला दिवसाला 100 ते 120 ग्रॅम पुरतं. नुसत्या पेंडीवर भागत नाही, तिच्यात मेथिओनिन आणि लायसिन हे प्रथिनांतले गरजेचे घटक कमी. ती उणीव सुकट भरून काढते. सुकट जिभेवर ठेवून बघा, खारट लागली तर घेऊ नका. जास्त मीठ कोंबडीला बाधतं.

पेंडीचं मात्र जपा. आपल्याकडचा पाऊस म्हणजे जून ते सप्टेंबर भिंतीलाही ओल. दमट पेंडीला बुरशी धरते, तिचं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष यकृत खातं आणि उकळलं तरी जात नाही. पावसाळ्यात पंधरा दिवसांपुरतीच पेंड आणा. कुबट वास आला की थेट उकिरड्यावर, ‘थोडी वाळवून बघू’ नको.

दुसरी गंमत भांड्याच्या तळाशी सापडली. कोंबड्या मका वेचून खायच्या, खाली तपकिरी भुगा उरायचा. तो भुगा म्हणजेच पेंड आणि सुकटीचा चुरा! पैसे घातलेत तेच मागं. आता पेंड पाण्यात कालवून धान्याला चोळतो. ओलं केलेलं त्याच दिवशी संपलं पाहिजे, नाहीतर आंबतं.

अख्खं धान्य दळायला कोंबडीला पोटात खडे लागतात. मोकळी हिंडत असेल तर ती स्वतः वेचते; कोंडलेली असेल तर बारीक खडी ठेवा. शिंपल्याचा चुरा निराळा, तो अंड्याच्या कवचासाठी. बऱ्याच जणांची इथंच गल्लत होते. कवच मुख्यतः रात्री बनतं, म्हणून चुरा संध्याकाळी वेगळ्या वाटीत ठेवा. पानाचा चुना चालत नाही.

बलक फिका पडला तर पांढरी ज्वारी कमी करून पिवळा मका वाढवा, शेवग्याचा पाला टाका. घेवड्याचे कच्चे दाणे कधीच देऊ नका, विषारी असतात. बदल काहीही असो, आठ-दहा दिवसांत हळूहळू करा.

आणि डिसेंबरात अंडी कमी झाली तर लगेच खाद्यावर खापर फोडू नका. दिवस लहान झालेला असतो, किंवा कोंबडी पिसं झाडत असते.