उजनी धरणावर माशांच्या डीएनएचे नमुने घ्यायला निघण्यापूर्वी

धरणाकडेच्या कुगावला मच्छीमारांच्या होड्या पहाटे काठाला लागतात. आपण सोलापुरातून रात्री अडीचलाच निघायचं, म्हणून पिशव्या आदल्या संध्याकाळीच भरून ठेवा.

पहिलं म्हणजे ९५ टक्के इथेनॉल. माशाच्या पराचा, म्हणजे पोहायच्या पंखाचा, तुकडा तांदळाच्या दाण्याएवढाच घ्यायचा आणि त्याच्या दहापट इथेनॉलमध्ये बुडवायचा. तुकडा मोठा असला तर ते आतपर्यंत मुरत नाही आणि डीएनए खराब होतो. कुपीवर पेनानं लिहिलेलं इथेनॉलनं पुसलं जातं. पेन्सिलीनं चिठ्ठी लिहून आत टाका. कात्री आणि चिमटा प्रत्येक माशानंतर पुसून ज्योतीवर धरा. ज्योत इथेनॉलच्या बाटल्यांपासून लांब. कापण्याआधी माशाचा पट्टीसकट फोटो.

महाशीर दिसला तर बाकी सगळं बाजूला ठेवा. साइक्स या इंग्रज अभ्यासकानं १८३९ साली दख्खनच्या महाशीराचं वर्णन केलं ते पुण्याच्या पूर्वेला, मुळा-मुठेतल्या माशावरून, आणि तेच पाणी भीमेतून आपल्या उजनीत उतरतं. चिलापीनं (बाहेरून आलेल्या तिलापिया माशानं) भरलेल्या या जाळ्यांत मूळच्या वंशाचा एखादा मासा अजून असेल, तर तो ओळखायलाच हवा. वाढवलेली पिल्लं नदीत सोडण्याआधी त्यांचा वंश तपासला नाही तर काय होतं, हे कावेरीत दिसलं. लोणावळ्यात वाढवलेले याच जातीचे मासे तिथे सोडले गेले, फोफावले, आणि तिथला मूळचा कुबडी महाशीर २०१८ साली अतिसंकटग्रस्त ठरला.

पूर्ण जीनोम, म्हणजे माशाचा सगळा डीएनए, जुळवायचा तर डीएनएचे लांब, अखंड धागे लागतात. रोहूची गुणसूत्रं ५०, महाशीराची १००. तुटक्या धाग्यांवरून त्यांचा गुंता सुटत नाही. त्यासाठी ताज्या माशाचं काळीज (यकृत) द्रवरूप नायट्रोजनमध्ये. गायींच्या रेतनासाठी वापरतात तसला कंटेनर चालतो. झाकण कधीही घट्ट बंद करू नका, गाडीच्या काचा उघड्या ठेवा.

परवानगीची पत्रं गावच्या जैवविविधता समितीला आणि मच्छीमार सोसायटीला आधीच द्या. जिवंत महाशीराच्या पराचा कोपरा घेऊन त्याला लगेच पाण्यात सोडायचं. काळीज मात्र जाळ्यातच मेलेल्याचं. दोन्ही वेळी मासा देणाऱ्या मच्छीमार मामांना बाजारभावानं पैसे द्या, घासाघीस नको. मासा कुठे, किती खोल पाण्यात सापडला, हे त्यांच्याच तोंडून ऐकून वहीत लिहा. पावसाळ्यातल्या मासेमारीबंदीआधी दोन खेपा व्हायला हव्यात.

बर्फ टेंभुर्णीत घेऊ.