पाणी कुंडीतून लगेच खाली, माती मात्र कोरडीच

फेब्रुवारीत भेंडी लावायला गच्चीवरच्या जुन्या कुंड्या काढल्या. पाणी घातलं की लगेच खालून बाहेर; बोट खुपसलं तर दोन इंचांवर माती कोरडी ठणठणीत. जास्त पाणी घातलं, खुरप्याने वरवर उकरलं. दोन पाकिटं बी वाया गेलं, डोकंच फिरलं.

कुंडीतल्या मातीत कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) होतं; ते पार सुकलं की पाणी पटकन धरत नाही. मातीचा गोळा आकसतो, कडेला फट पडते, पाणी तिथून पळतं.

कुंडी टबात निम्म्यापर्यंत पाण्यात ठेवली. वरची माती ओली काळी दिसेपर्यंत हलवली नाही (तासभर लागला). रात्रभर निथळू दिली. सकाळी माती उपसून तिसरा हिस्सा गांडूळखत मिसळलं, परत भरताना कडा अंगठ्याने दाबल्या. रात्री भिजवलेलं बी अर्धा इंच खोल टोकलं. सहाव्या दिवशी कोंब.